डावी बाजू नॉर्मल

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी चार वर्षं रिपोर्ट टाइप करायचे. इंग्रजी टायपिंगची परीक्षा अंबरनाथला पास झाले होते, बी.ए. बाहेरून चाललं होतं, आणि ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून तिथे विचारायला गेले. डॉक्टरांनी एक जुना रिपोर्ट समोर ठेवला आणि तो तसाच टाइप करायला सांगितलं. मी करून दिला.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. म्हणाले, "यातलं काही समजलं का?"

"नाही सर."

"मग एकही चूक कशी नाही?"

"समजत नाही म्हणून एकेक अक्षर बघून केलं."

ते मोठ्याने हसले आणि उद्यापासून ये म्हणाले.

सर पन्नाशीच्या पुढचे होते. मला बेटा म्हणायचे. पेशंटशी हिंदी बोलायचे, आमच्याशी मराठीत हिंदी मिसळून. दुपारी गर्दी कमी झाली की मला आत बोलावून पडद्यावर काय दिसतं ते दाखवायचे. मानेतली शीर पहिल्यांदा मी अशीच बघितली. काळ्या पडद्यावर लाल पट्टा, आणि तो ठोक्यागणिक उजळत होता.

"ही इथून वर मेंदूत रक्त नेते," सर म्हणाले. "उजवीकडे एक, डावीकडे एक. वय झालं, बीपी असलं, की आतून चरबीचा थर बसतो. वाट अरुंद होते. मग रक्त जोरात पळतं. बागेतल्या पायपाला अंगठा लावला की पाणी कसं फवारतं, तसं. तो जोर आपण मोजायचा. शीर किती अरुंद झाली ते त्यावरून कळतं."

चार वर्षं टाइप केलेल्या शब्दांना अर्थ दिला तो या माणसाने, हे मला आजही नाकारता येत नाही. माझ्या परीक्षेच्या वेळी त्यांनी पंधरा दिवस सुट्टी दिली. आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा स्वतः तपासलं आणि ती साधी आहे हे तिला तीनतीनदा समजावलं. घरी माझ्या बोलण्यात दिवसातून दहा वेळा "सर म्हणाले" यायचं. पप्पा चेष्टा करायचे, "आज काय म्हणाले तुझे सर?"

पप्पा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात लेथवर होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही बदलापूरला, मांजर्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. शिक्षण जेमतेम अकरावी, पण अक्षर मोत्यासारखं. कॉलनीतल्या, विहारातल्या, नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनीच लिहिलेले. रेशनकार्ड, पेन्शन, पाण्याची तक्रार, काहीही. समोरच्याने सांगितलेलं ते तसंच लिहीत नसत. आधी विचारायचे, "हे खरं आहे ना? खाली सही तुझी आहे." मी रिपोर्ट टाइप करते याचं त्यांना फार कौतुक होतं. विहारात कुणालाही सांगायचे, "आमच्या मुलीच्या हातचा कागद बघून डॉक्टर ऑपरेशन ठरवतात." मी ओशाळायचे. पण रिपोर्टच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची दोन छोटी अक्षरं असतात, ती टाइप करताना मलाही बरं वाटायचं.

आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. प्रत्येक तपासणीचा एक नॉर्मल रिपोर्ट कॉम्प्युटरवर तयार असायचा. त्याला आम्ही साचा म्हणायचो. पेशंटचं नाव, वय बदलायचं आणि सर जे वेगळं सांगतील तेवढं बदलायचं. बाकी वाक्यं आणि आकडे साच्यातले. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, दिवसाला तीस-चाळीस रिपोर्ट निघायचे. तिसऱ्या वर्षी काम वाढलं तेव्हा सरांनी आणखी एक मुलगी ठेवली. ती अंबरनाथची, माझ्याहून चार वर्षांनी लहान. साचा कसा उघडायचा, कुठे काय बदलायचं, सगळं मी तिला शिकवलं. ती मला ताई म्हणायची. आमचे डबे एकत्र उघडायचे. तिच्या आईच्या हातचा सुकट-वांग्याचा रस्सा मला आवडतो म्हणून बुधवारी तो ठरलेला असायचा.

एका रविवारी सकाळी पप्पा खालच्या मजल्यावरच्या मावशींचा अर्ज लिहीत होते. त्यांच्या हातातून पेन पडलं. त्यांनी उचललं, पुन्हा पडलं. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. आईने विचारलं काय झालं, तर जिभेवर भाताचा घास ठेवून बोलावं तसे शब्द आले. चेहऱ्याची एक बाजू किंचित ओघळली होती. आई रडायला लागली, मी पाणी आणायला धावले, आणि दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं झालं. पप्पा स्वच्छ बोलले, "काय गोंधळ लावलाय? मुंग्या आल्या होत्या." मग खोदून विचारल्यावर सांगितलं की आठवड्यापूर्वी डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता, तोही मिनिटभरात गेला होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा इशारा आहे. अर्धांगाचा. मानेच्या शिरांची सोनोग्राफी करून घ्या, उशीर करू नका."

"आमच्याच सेंटरला होते," मी म्हणाले.

मंगळवारी दुपारी पप्पांना घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सरांनी "आइये आइये" करत त्यांना स्वतः पलंगावर झोपवलं, उशी काढून मान मागे टेकवली. आकडे लिहून घ्यायला मी आत उभी होते. उजव्या बाजूला जेली लावून सरांनी यंत्र फिरवलं. कॉलरबोनच्या वरून जबड्याखालपर्यंत, सावकाश, नेहमीसारखं. आकडे सांगितले, मी लिहिले. चार फोटो काढले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. बदलापूरच्या दुसऱ्या एका सेंटरलाही ते जायचे, तिथे कुणीतरी खोळंबलं होतं. बोलता बोलता ते उठले, हात पुसले, फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "ठीक है बेटा, नॉर्मल टाक." आणि पप्पांना म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास है आपका."

ते गेले. पप्पांच्या मानेवरची जेली मी टिश्यूने पुसली. उजवी बाजू पुसली. डावी बाजू पुसायला गेले तर ती कोरडी होती.

ते मी बघितलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं. नंतरच्या सगळ्या वर्षांत स्वतःला कितीही फसवायचं म्हटलं तरी यातून सुटका नाही. कोरड्या कातड्यावर टिश्यू खरखरला आणि मी क्षणभर थांबले. मग मनात म्हटलं, सरांना कळतं. एका बाजूवरून त्यांना अंदाज आला असेल. वीस वर्षं ते हेच बघतायत, मी कोण? बाहेर जाऊन साचा उघडला. उजवीकडे सरांनी सांगितलेले आकडे घातले. डावीकडचे साच्यातले तसेच राहू दिले. डावी बाजू नॉर्मल. खाली माझी दोन अक्षरं. संध्याकाळी सरांनी गठ्ठ्यातल्या बाकीच्या रिपोर्टांबरोबर त्यावर सही केली.

पप्पांनी तो रिपोर्ट घरी गेल्यावर चष्मा लावून वाचला. इंग्रजी त्यांना पुरतं कळत नव्हतं, पण कोपऱ्यातली अक्षरं त्यांनी आईला दाखवली. पुराचं पाणी एकदा तळमजल्यात शिरलं तेव्हापासून आमचे महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर असायचे. रिपोर्ट त्या पिशवीत गेला. नेहमीच्या डॉक्टरांनी तो बघून रक्त पातळ ठेवायची साधी गोळी दिली आणि महिन्याने या म्हणाले.

पाच आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, सेंटरच्या फोनवर आईचा फोन आला. दुसऱ्या मुलीने उचलला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, तुझ्या पप्पांना काहीतरी झालंय." या वेळी ते दहा मिनिटांत गेलं नाही. उजवा हात, उजवा पाय, वाचा, तिन्ही गेलं होतं. शेजाऱ्यांनी गाडी काढून त्यांना कल्याणच्या हॉस्पिटलला नेलं, मी परस्पर तिथे पोचले. पप्पा जागे होते. माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि "प... प... प" एवढंच आलं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी त्याआधी कधी बघितली नव्हती. कारखान्यात एकदा त्यांचं बोट चिरलं होतं तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मेंदूचे डॉक्टर तरुण वाटले, फार तर पस्तिशीचे. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून आम्हा मायलेकींना समोर बसवलं. मेंदूच्या चित्रात डाव्या बाजूला पांढरा ढग होता. "इथे रक्त पोचलं नाही. बोलण्याची जागा हीच, उजव्या हाताची पण." मग दुसरी फिल्म. तिच्यात मेंदू नव्हता, फक्त शिरा होत्या, एखाद्या निष्पर्ण झाडासारख्या. उजवीकडची शीर खालून वर सलग गेली होती. डावीकडची मानेत एका जागी तुटल्यासारखी होती. मध्ये नुसतं काळं.

"आधी मानेची सोनोग्राफी केली होती का?" त्यांनी विचारलं.

रिपोर्ट माझ्याबरोबरच होता. त्यांनी तो दोनदा वाचला. मग मागे स्टेपल केलेले फोटो बघितले. ते फोटो मीच स्टेपल केले होते.

"चारही फोटो उजव्या बाजूचे आहेत," ते म्हणाले. "डावीकडचे कुठायत?"

मी रिपोर्टच्या कोपऱ्यातल्या माझ्या दोन अक्षरांकडे बघितलं.

"पाच आठवड्यांत इतकं होत नाही. हे आधीपासून असणार." ते कुणावर चिडले नव्हते, कोड्यात पडले होते. त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं की बाहेरच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजू नॉर्मल असल्याचा रिपोर्ट, फोटो फक्त उजव्या बाजूचे. मग म्हणाले, "मला स्वतःला एकदा बघू द्या. एमआरआयमध्ये शीर पूर्ण बंद दिसतेय. पण रक्ताची धार फार बारीक असली तर त्यात ती पकडली जात नाही, बंदच वाटते. सोनोग्राफीत कधीकधी सापडते. धार असेल तर ऑपरेशन करता येईल. नसेल तर नाही."

खाटेशेजारी मशीन आणलं. त्यांनी पप्पांच्या मानेला डावीकडे जेली लावली आणि यंत्र टेकवलं. पडदा मला वाचता येत होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मिनिटही गेलं नसेल. शिरेच्या भिंतीला चिकटलेला जाड, ओबडधोबड थर दिसला, आणि त्याच्या कडेने दोऱ्याइतकी लाल रेघ. थरथरत होती, पण होती. डॉक्टर म्हणाले, "आहे. थोडी आहे." मग त्यांनी एक छोटं यंत्र पप्पांच्या कानशिलावर धरलं आणि आवाज सुरू केला. उजवीकडे रक्ताचा आवाज खणखणीत होता, भात्यासारखा. डावीकडे कुणीतरी लांबून फुंकर घालावी तसा. आई हात जोडून उभी होती. ऑपरेशन होईल याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. त्या दुपारी एवढंच लागलं असतं.

पाचव्या दिवशी मी सेंटरला गेले. सरांनी दार लावलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मलाच विचारलं, "डाव्या बाजूला लावलं नव्हतं मी?"

"नाही सर. फोन आला होता."

त्यांनी चष्मा काढला. डोळे चोळले. "गलती हो गयी बेटा. बहुत बडी गलती." आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. एवढा मोठा माणूस टायपिस्टपुढे चूक कबूल करतो, याचं मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ओरिजिनल रिपोर्ट मला आणून दे. मी कल्याणच्या डॉक्टरांशी स्वतः बोलतो. मुंबईला ऑपरेशन कुठे चांगलं होईल तेही बघतो. पप्पा माझी जबाबदारी."

मी त्याच दिवशी रिपोर्ट नेऊन दिला. झेरॉक्स काढावी असं मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी पाकीट हॉस्पिटलला आलं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मी ते उघडलं. तेच लेटरहेड, तीच तारीख, तीच सही. उजवी बाजू नॉर्मल. डावी बाजू: शिरेत थर दिसतो, प्रवाहाला अडथळा असल्याची शंका. तळाला सल्ला: एमआरआय करून घ्यावा. फोटो एकही नाही. आणि डाव्या कोपऱ्यात माझी दोन अक्षरं.

मी तो तिथेच पुन्हा वाचला. आता कागद असं सांगत होता की सरांनी पाच आठवड्यांपूर्वीच धोका ओळखला होता, एमआरआय करायला सांगितलं होतं, आणि आम्ही केला नव्हता. म्हणजे पप्पांची ही अवस्था आमच्यामुळे झाली. आणि तसं सांगणारा कागद मी टाइप केला होता.

मी तशीच उल्हासनगरला गेले. माझ्या खुर्चीवर ती मुलगी बसली होती. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

"हे तू केलंस?"

"सर म्हणाले करेक्शन आहे."

"तारीख?"

"तीच ठेव म्हणाले."

"आणि खाली माझी अक्षरं?"

ती की-बोर्डकडे बघत राहिली. "ती आधीपासूनच होती फाइलमध्ये. मी फक्त मधलं बदललं."

"नाव कुणाचं आहे ते वाचलंस?"

"वाचलं," ती म्हणाली. मग घाईघाईने, "ताई, घरात मी एकटीच कमावती आहे, तुला माहितेय. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं."

ते खरं असेलही. पण सरांच्या लबाडीपेक्षा तिचं ते "वाचलं" मला जास्त लागलं. तिने पप्पांचं नाव वाचलं होतं. पप्पांनी तिच्या भावाच्या नोकरीचा अर्ज लिहून दिला होता.

सरांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते बस म्हणाले नाहीत. "बेटा, मी तुलाच वाचवतोय," ते म्हणाले. "जुन्या रिपोर्टवर डावीकडचे आकडे कुणी टाकले? मी सांगितले होते का? मी फक्त नॉर्मल टाक म्हटलं होतं. आकडे तुझे आहेत. उद्या कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"ओरिजिनल द्या माझा."

"तो तुझ्याकडेच आहे," पाकिटाकडे बोट दाखवत ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं. आईची गाठ साधी आहे हे समजावताना त्यांचा जो आवाज होता, तोच होता.

चार वर्षांचा माझा डबा, पंचा आणि एक स्टीलचा पेला मी पिशवीत भरला आणि निघाले. पुन्हा तिथे गेले नाही.

पप्पांचं ऑपरेशन मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये झालं. मान उघडून शीर आतून साफ केली. पुढचा झटका टळला. गेलेलं मात्र सगळं परत आलं नाही. काठीच्या आधाराने ते चालायला लागले. बोलणं हळूहळू, एकेक शब्द शोधून. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, जणू दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिलाय. ते डाव्या हाताने पाटीवर बाराखडी गिरवायचे. पहिल्या दिवशी 'क' काढायला त्यांना अर्धा तास लागला आणि तोही उलटा आला. त्यांनी पाटी पालथी ठेवली.

काय झालं ते मी आईला सांगितलं होतं, पण अर्धंच. सरांनी रिपोर्ट बदलला इथपर्यंत. एका दुपारी पप्पा खिडकीशी बसले होते, आई वाण्याकडे गेली होती. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"तू..." ते म्हणाले. थांबले. शब्द सापडेना. मग मानेच्या डाव्या बाजूला बोट लावलं, ऑपरेशनच्या व्रणावर. "तुला... माहीत... होतं?"

मी नाही म्हणू शकले असते. त्यांना बोलता येत नव्हतं, वाद घालता आला नसता.

"माहीत होतं पप्पा," मी म्हटलं. "जेली मीच पुसली. डावीकडे नव्हतीच. वाटलं, सरांना कळत असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघायला लागले, आणि त्या दिवसानंतर जवळजवळ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आईशी दोन शब्द बोलायचे, शेजाऱ्यांकडे बघून हसायचे. मी ताट वाढलं तर जेवायचे, पण माझ्याकडे न बघता. आईला वाटलं आजारपणाने असं होतं. सरांनी मला फसवलं याचा राग धरून मी जगत होते. पप्पांच्या लेखी फसवणारी मी होते, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं.

डॉक्टरांच्या कौन्सिलकडे तक्रार करायचं मी ठरवलं. कल्याणच्या डॉक्टरांनी केसपेपरची प्रत दिली. म्हणाले, "मी जे बघितलं ते लिहिलंय, विचारलं तर सांगेन." मी दोन रात्री खपून अर्ज टाइप केला. पेशंटची सही लागणार होती, म्हणून पप्पांसमोर ठेवला.

पप्पांनी चष्मा लावला. मराठीतच लिहिला होता. ते ओळीखाली बोट धरून वाचत गेले, पाऊण तास. तपासणी कशी झाली, रिपोर्ट कसा नेला, कसा बदलला, सगळं त्यात होतं. शेवटी ते पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि जिथे मी 'तपासणी फक्त उजव्या बाजूची करण्यात आली' असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"कोण... होतं... खोलीत?"

"मी."

"लिही."

"पप्पा, ते लिहिलं तर ते म्हणतील चूक टायपिस्टची."

"खरं... आहे... ना?" माझ्याशी एवढं ते कित्येक आठवड्यांत बोलले नव्हते. "लिही. मग... सही."

मी लिहिलं. त्या वेळी मी खोलीत हजर होते, डावी बाजू तपासली नाही हे मला दिसलं होतं, तरीही मी साच्यातले आकडे ठेवले. पप्पांनी डाव्या हाताने सही केली. अक्षरं पोराच्या अक्षरासारखी, वर-खाली, पण नाव पुरतं वाचता येत होतं.

त्या अर्जाचं काय झालं? सरांनी खुलासा दिला की टायपिंगच्या गोंधळामुळे आधी चुकीची प्रत दिली गेली आणि लक्षात येताच दुरुस्त प्रत देण्यात आली. त्या मुलीने तसं लेखी दिलं. माझ्याच कबुलीचा सरांनी आधार घेतला. एकदा कौन्सिलने आम्हाला बोलावलं, पप्पा जिने चढून गेले, समोरच्यांनी दोन प्रश्न विचारले. दीड-दोन वर्षांनी पत्र आलं की संबंधितांना यापुढे काळजी घेण्याची समज दिली आहे आणि प्रकरण बंद करण्यात येत आहे. पप्पांनी ते वाचलं, घडी केली आणि आईकडे दिलं.

मी नंतर बदलापूरच्या एका शाळेच्या ऑफिसात लागले. पप्पा माझ्याशी बोलायला लागले, भाजीबद्दल, पंख्याबद्दल. पण दरवर्षी मानेच्या तपासणीला कल्याणला जायचं असलं की ते शेजारच्या काकांना बरोबर घ्यायचे. रिपोर्ट त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे. मी कधी मागितला नाही.

शिरगावला एका लग्नाला आम्ही गेलो होतो, त्यालाही आता खूप वर्षं झाली. पप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. गर्दीतून सर येताना दिसले. केस पूर्ण पांढरे झालेले, अंगावर सुरेख बंद गळ्याचा कोट. त्यांनी मला ओळखलं. हसत जवळ आले.

आणि मी उठून उभी राहिले. ठरवून नाही, सवयीनेच पाय उठले. ते आत आले की आम्ही दोघी मुली अशाच उभ्या राहायचो.

"कैसी हो बेटा?" ते म्हणाले. "पप्पा कसे आहेत तुझे?"

मला वाटलं टोमणा आहे. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की नाही. त्यांनी पप्पांना ओळखलंच नव्हतं. पप्पा हातभर अंतरावर होते. त्यांच्या मानेवरचा व्रण शर्टच्या कॉलरच्या वर स्पष्ट दिसत होता.

पप्पांनी मान वर करून सरांकडे बघितलं, नीट, वेळ घेऊन.

"बरा... आहे," ते म्हणाले.

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे कॉलरकडे गेले. "अच्छा, अच्छा," म्हणत ते दोन पावलं मागे सरकले आणि स्टेजच्या दिशेने निघून गेले. मी अजून उभीच होते. पप्पांनी डाव्या हाताने माझी ओढणी धरली आणि खाली ओढली.

"बस," ते म्हणाले.